आमची शेळी रेडिओवर व्याली

मी दहा वर्षांची असताना नागपुरातल्या आमच्या वस्तीत तीन घरांत मला जायची बंदी होती. चोरी केली होती म्हणून नाही. मूल कसं होतं ते मला माहीत होतं आणि विचारेल त्याला मी बिनदिक्कत सांगत होते, म्हणून.

माझी माय दाई होती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, ते बरंच केलं. पण काहींना वाटे, नाळ कापणं हेही त्याच घाणीतलं काम, तेही सोडावं. मायपुढे कोणी हा विषय काढला की ती फणकाऱ्याने म्हणायची, "मेलेलं ओढणं सोडलं, जिवंत काढणं कायले सोडू?" सरकारी दवाखान्यात जाऊन ती रीतसर दाईचं शिक्षण घेऊन आली होती. तिथून तिला पत्र्याची एक पेटी मिळाली होती. तिच्यात कात्री, दोरा, नखं घासायचा ब्रश आणि साबणाची वडी असे. ती पेटी फळीवर सगळ्यांत वर, बाबांच्या गिरणीच्या पासाच्याही वर ठेवलेली. आम्ही पोरांनी तिला हात लावला की पाठीत धपाटा बसलाच म्हणून समजा.

शेजारी एक काकी राहायची. तिच्या आणि आमच्या घरात एका विटेची भिंत. त्यांनी फोडणी दिली की आम्हाला ठसका लागे आणि आमचं भांडण झालं की न्यायनिवाडा त्यांच्याकडून होई. काकीची मुलगी माझ्याच वर्गात होती, माझी जिवाची मैत्रीण. तिला घरच्यांनी सांगितलं होतं की तिचा भाऊ दवाखान्यातून पिशवीत घालून आणला. नळावर पाण्याचा नंबर लावून बसलो असताना मी तिला खरं काय ते सांगितलं, अगदी सविस्तर. ती घरी जाऊन आईच्या पोटाकडे बघत बसली. संध्याकाळी काकी आमच्या दारात उभी.

"तुझ्या पोट्टीच्या तोंडाले कुलूप लाव वं! लेकरायले काय काय सांगून राहिली!"

"खोटं सांगितलं का तिनं?" मायने विचारलं.

"खरं असलं म्हणून काय झालं? हे काय पोट्ट्यायनं ऐकायचं हाये?"

त्या दिवसापासून मैत्रीण तुटली. तिच्या पाठोपाठ आणखी दोन घरांनी दारं लावली. मी वरवर ताठ राहिले, पण मधल्या सुट्टीत एकटीने डबा अर्धाच खाऊन घरी परत आणायचे. सगळ्यांत वाईट वाटायचं ते हे, की माझ्या तोंडात घाण आहे असं म्हणताना त्या बाया मायच्या कामालाच घाण म्हणत होत्या. ते दहा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं.

त्या काळी टीव्ही आम्ही ऐकूनही नव्हतो. असायचा तो रेडिओ. आमच्याकडे वायरवाला मोठा होता, त्याचं लायसनचं पुस्तक पोस्टातून दरवर्षी शिक्का मारून आणावं लागे. काकीकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. रविवारी सकाळी दोन्ही घरांत मुलांचा कार्यक्रम लागायचा आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच आवाज यायचा. तो कार्यक्रम एक साहेब चालवत. काय गोड आवाज होता त्यांचा! मुलांची पत्रं वाचायचे, कोडी घालायचे. वस्तीतली सगळी पोरं त्यांना आपला सख्खा मामा समजत.

एक दिवस शाळेतल्या बाईंनी सांगितलं, रेडिओवर आपल्या शाळेची पाच मुलं जाणार. ज्याने त्याने आपल्या घरातला एक खरा प्रसंग लिहून आणायचा. मी घरी पळतच गेले आणि शेळीचा प्रसंग लिहून काढला, कारण माझ्या आयुष्यात त्याहून मोठं काही घडलंच नव्हतं.

झालं असं होतं की दिवाळीच्या सुट्टीत भरदुपारी आमची शेळी अडली. पहिलटकरीण होती बिचारी. पिल्लाचं नाक दिसत होतं, एक पाय दिसत होता, दुसरा पाय आत मागे दुमडलेला. शेळी ओरडून ओरडून थकली. मायने बोटं घालून पाहिली, पण तिचा हात मोठा आणि शेळी लहान. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "तुझा हात आण." दाईच्या पेटीतला साबण काढून तिने माझे हात कोपरापर्यंत धुतले, ब्रशने नखं घासली, तिळाचं तेल चोपडलं. मग ती सांगत गेली आणि मी करत गेले. "कळ आली की थांब. कळ गेली की पिल्लाले हळूच मांगे लोट. आता बोटानं गुडघा पकड. खुराले तळहातात झाक, आतमंदी लागलं नाही पायजे. आता आण समोर." मी रडत होते, पण हात हलवला नाही. पाय आला. मग शेळीने जोर केला तसं आम्ही हळूच खाली ओढलं आणि पिल्लू भसकन माझ्या मांडीवर! पाठोपाठ दुसरं आपलं आपण आलं. मायने त्यांची नाकं पुसली, पोत्याने अंग चोळलं. पिल्लांमागून पडते ती वार अजून लोंबत होती, ती मी ओढायला गेले तर मायने हातावर चापट मारली. "ओढाची नसते. आपोआप पडते. वाट पाहा." तेवढ्यात शेळीने मान वळवून पहिल्या पिल्लाला चाटलं. तेव्हा मला जो आनंद झाला, तसा पुढे धंतोलीच्या दवाखान्यांत तीस वर्षं नर्स म्हणून काढूनही मोजक्याच वेळा झाला.

हे सगळं मी वहीच्या चार पानांवर लिहिलं. बाईंना भलतंच आवडलं.

आता रेडिओची पद्धत अशी की जे बोलायचं ते आधी लिहून, कार्बन लावून तीन प्रतींत साहेबांकडे द्यायचं. साहेब ते वाचणार, नको ते लाल पेन्सिलीने काढणार, प्रत्येक पानावर सही करणार, आणि मग माइकसमोर त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. सरकारी रेडिओ होता, खेळ नव्हता. बाई आम्हा पाचही जणांना घेऊन सिव्हिल लाईन्सला रेडिओ स्टेशनवर गेल्या. मी नवीन रिबिनी बांधल्या होत्या. तो गोड आवाजाचा मामा प्रत्यक्ष दिसणार, या आनंदात मी बसमध्ये कोणाशी भांडलेसुद्धा नाही.

साहेब खरोखरच गोड होते. चष्मा, पांढरा बुशशर्ट, टेबलावर बोरकुटाची पुडी. त्यांनी प्रत्येकाला प्रत परत दिली. चौघांच्या पानांवर एखाददुसरी लाल रेघ. माझी चार पानं लालच लाल. उरलं होतं ते असं: "आमच्याकडे एक शेळी आहे. सुट्टीत तिला दोन पिल्ले झाली. ती फार गोड आहेत."

"मग ती झाली कुठून?" मी विचारलं.

बाईंनी माझा दंड दाबला. साहेब रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं उगाच नव्हतं, हे आज मला मान्य आहे. रेडिओ एका घरात लागत नाही, हजारो घरांत लागतो. मुलं एकटी ऐकत असतात, शेजारी समजवायला कोणी मोठं नसतं. लहानांच्या कानावर मोठ्यांचे विषय जाऊ नयेत म्हणून नियम केलेले आहेत. एकदा एक साधं गाणं लागलं तरी पालकांच्या पत्रांचा ढीग पडला होता. "तुझं लिखाण उत्तम आहे बेटा. पण ते लहान मुलांसाठी नाही."

"पण मीच लहान आहे!" मी म्हणाले.

यावर त्यांना हसू आलं, पण पेन्सिल काही मागे गेली नाही. "तीन वाक्यं आहेत ना, ती छान वाच. रेडिओवर आवाज येईल तुझा. चार दिवसांत सांग."

बाहेर आल्यावर बाईंनीही खूप समजावलं. रेडिओवर जायला मिळतंय, एवढा हट्ट कशाला? मी मान खाली घालून पायाने माती उकरत राहिले. आवाज सगळ्या नागपुरात जाणार होता, काकीच्या घरातसुद्धा! मोह होता हो. खोटं कशाला बोलू?

घरी गेल्यावर मी ती पानं मायपुढे टाकली. मायला वाचता येत नव्हतं. तिने पान उचलून खालीवर पाहिलं आणि विचारलं, "यात मी कुठं हाये?"

मी बोट ठेवलं. साबण, तिथे लाल रेघ. तेल, लाल रेघ. "माय म्हणाली, कळ आली की थांब", त्यावर तर दोन रेघा. वार हा शब्द तर त्यांनी गोल करून मग खोडला होता. ती एकेक रेघ बघत गेली. शेवटी म्हणाली, "म्हणजे मलेच कापलं."

"मी नाही वाचत ती तीन वाक्यं," मी म्हणाले आणि जे भोकाड पसरलं ते पसरलं. भिंतीपलीकडे काकीनेही ऐकलं असणार.

"काहून रडून राहिली वं? रडाले काय झालं?" माय म्हणाली. "उद्या जाऊ साहेबाकडे. विचारू काहून कापलं ते."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातल्या कार्यक्रमाला नेसायची ती पांढरी साडी नेसली. दाईची पेटी फळीवरून काढून पदराने पुसली आणि काखेत मारली. दोघी पायी निघालो. ही तिथे काय बोलेल, चपराशी आत तरी सोडेल की नाही, शाळेत बाई काय म्हणतील! माय मात्र कोणाच्या घरी बाळंतपणाला बोलावणं आल्यासारखी झपाझप चालत होती.

चपराशाने पेटी पाहिली आणि दवाखान्यातून कोणी आलं असं समजून सरळ आत सोडलं. साहेबांच्या खोलीत त्या वेळी आणखी एक गृहस्थ खुर्चीत रेलून चहा पीत होते. जाडजूड, मिशाळ, धोतरवाले. त्यांनी "काय म्हणता साहेब" म्हणताच मी आवाज ओळखला. संध्याकाळी सात वाजता शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा, त्यातले ते वऱ्हाडीत बोलणारे भाऊ! बाबा गिरणीतून आले की त्यांचं ऐकल्याशिवाय जेवत नसत.

माय उभीच राहिली. "साहेब, तुम्ही माह्या पोरीचं कापलं. मले काही वाचता येत नाही. मले एवढंच सांगा, यात घाण काय होती?"

साहेबांनी उठून तिला खुर्ची दिली आणि कालचंच सगळं पुन्हा सांगितलं, अगदी आदराने. मायने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं. मंग संध्याकाळी सातले हे भाऊ गाय कशी व्याते ते सांगतात, ते?"

भाऊंचा चहाचा कप वाटेतच थांबला.

"तो मोठ्यांसाठीचा कार्यक्रम आहे बाई," साहेब म्हणाले.

"आमच्याकडे एकच रेडिओ हाये अन् एकच खोली. सातले लेकरं कुठं पाठवू?" मायने पेटी टेबलावर ठेवली. मग माझा हात धरून साहेबांपुढे केला, पंजा उघडून. "हा पाहा. शेळी लहान होती, माहा हात जाय ना. हा गेला. तुम्ही म्हणता हे लेकरायनं ऐकायचं नाही. पण हात लेकराचाच लागला ना साहेब? त्याले सांगायचं नाही, तं त्यानं करायचं कसं?"

माझा हात तसाच टेबलावर होता, नखांत शाई भरलेली. साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "पण मुलांच्या कार्यक्रमात मला हे घेता येणार नाही. माझ्याही वर माणसं आहेत. नियम मी बनवला नाही."

"मंग मले द्या ना!" भाऊ एकदम ओरडले आणि कप खाली ठेवला. "माह्या कार्यक्रमाले कोणती वयाची अट हाये? ऐकणाऱ्यायले नाही, तं बोलणाऱ्यायले कुठून आली? ए पोरी, तुले वऱ्हाडी येते का?"

"मले काय येत नाही?" मी म्हणाले.

भाऊ खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. साहेबांनी फाईलमधून माझी न खोडलेली प्रत काढली आणि वर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला की शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी योग्य. चारही पानांवर सह्या केल्या. मुलांना सांगायला मनाई असलेली गोष्ट मी आता मोठ्यांना सांगणार होते! परत येताना मी रस्त्याने नाचत होते आणि माय म्हणत होती, "सरळ चाल वं, मोटार येऊन राहिली."

रेकॉर्डिंग झालं. भाऊ विचारायचे आणि मी सांगायचे, घरी बोलते तसं, मले-तुले करत, धडाधडा. "माह्या मायनं सांगतलं" हे मी मुद्दाम मोजून सहा वेळा म्हणाले. ज्या संध्याकाळी ते लागलं, तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा ताठ बसले होते. माझा आवाज आला आणि भिंतीपलीकडूनही तोच आला. काकी ऐकतेय! "मंग मायनं माहे हात साबणानं धुतले" इथपर्यंत आलं आणि पलीकडे बटणाचा खटका वाजला. काकीने बंद केला.

लोक माझं कौतुक करत होते, बाबांनी चक्क पाठ थोपटली, पण मला तो खटकाच ऐकू येत राहिला. मायनेही ऐकला होता. ती पिल्लांना पाला घालायला बाहेर गेली. मला काकीचा एवढा राग आला की त्या दिवशी तिच्या भिंतीला मी लाथ मारली.

त्यानंतर महिना झाला असेल. रविवारची सकाळ. माय भाकरीचं पीठ मळत होती, मी पिल्लू मांडीवर घेऊन बसले होते. मुलांचा कार्यक्रम लागला होता, इकडेही आणि पलीकडेही. पत्रांची वेळ आली. साहेब म्हणाले, "आजचं पहिलं पत्र आपल्या एका ताईसाठी आहे. शेळीवाली ताई, तू ऐकते आहेस ना?"

मी पिल्लू सोडून उभी राहिले.

कळमेश्वरकडच्या एका खेड्यातल्या तिसरीतल्या मुलीचं पत्र होतं. साहेब वाचत गेले. तिचा बाप बाहेरगावी गेला होता, आई तापाने पडलेली, आणि शेळी अडली. पिल्लाचं नाक आणि एकच पाय दिसत होता. "आमच्या घरी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागतो. मी तुझं ऐकलं होतं. माझा हात लहान आहे. तुझ्या मायने सांगितलं तसं मी साबणाने हात धुतले, नखं घासली, तेल लावलं. कळ आली की थांबले. कळ गेली की पिल्लाला मागे लोटलं, मग पाय समोर आणला. पिल्लू जगलं. शेळी पण जगली. वार मी ओढली नाही, वाट पाहिली."

सगळं वाचलं साहेबांनी. एक शब्द सोडला नाही. तोच गोड आवाज, तेच शुद्ध बोलणं आणि त्यात साबण, कळ, वार. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मुलांनो, हे सगळं ज्यांनी शिकवलं त्या या ताईच्या आई. त्या दाई आहेत. आपल्या कार्यक्रमातर्फे त्यांना नमस्कार."

माय पिठाच्या हातांनी तशीच बसली होती. "साहेबानं वार म्हटलं वं," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि हात पिठाचे असल्यामुळे ते पुसताही येईना.

साहेब अजून बोलतच होते. पण भिंतीपलीकडचा आवाज बारीक होत चालल्याचं माझ्या लक्षात आलं. बारीक, आणखी बारीक, मग बंदच झाला. मायचं हसूही थांबलं. मी भिंतीकडे वळले. या खेपेला लाथ नाही, सरळ घरात जाऊन जाब विचारणार होते.

तेवढ्यात पलीकडून काकीची आरोळी आली.

"अवं दाईबाई, तुमचा रेडिओ वाढवा ना! आमचे सेल बसले! पोट्टी ऐकून राहिली इथं!"

मी धावत जाऊन बटण शेवटपर्यंत फिरवलं.